आईचं वागणं आठवड्यात बदललं: गोळीआधी काय काय बघायचं?

प्रश्न: आईचं वय ७६. तीन वर्षांपूर्वी अल्झायमरचं निदान झालं, डोनेपेझिल आणि मेमँटिन चालू आहे. आतापर्यंत नुसतं विसरणं होतं. गेल्या आठवड्यापासून मात्र ती आंघोळीच्या वेळी अंगाला हात लावू देत नाही, संध्याकाळ झाली की 'मला माझ्या घरी जायचंय' म्हणत दाराशी जाते, कपाटाची चावी माझ्या बायकोनेच चोरली असं म्हणते आणि रात्र रात्र जागी असते. डॉक्टरांनी फोनवरच शांत करणारी एक गोळी सुचवली आहे. ती सुरू करावी का? आम्ही तिला घरीच सांभाळतोय, पण हे कुठवर झेपेल? संस्थेत ठेवायचं म्हटलं की जबाबदारी झटकल्यासारखं वाटतं.

उत्तर: गोळीकडे येतो, पण थोडं थांबा. तुमच्या प्रश्नातली सगळ्यात कामाची माहिती ही, की हे सारं एका आठवड्यात घडलं. अल्झायमर इतक्या घाईने वाढत नाही, त्याची उतरण महिन्यांच्या आणि वर्षांच्या हिशेबाने चालते. माणूस चार-आठ दिवसांत वेगळंच वागायला लागलं, तर 'आजार वाढला' असं म्हणून सोडून देऊ नका. मूळ आजारावर दुसरं काहीतरी येऊन बसलंय असं धरून शोधाला लागायचं.

हे दुसरं काहीतरी बहुतेक वेळा शरीरात सापडतं. लघवीचा किंवा छातीचा संसर्ग, अंगातलं पाणी कमी होणं, रक्तातलं सोडियम घसरणं, साखर वर-खाली होणं, चार दिवस शौचाला न होणं, लघवी तुंबणं, नवं औषध, कुणाच्या लक्षात न आलेलं पडणं. आधीच थकलेल्या मेंदूला यातलं एक पुरतं. या अवस्थेला आम्ही डॉक्टर डेलिरियम म्हणतो. म्हाताऱ्या माणसाला संसर्ग झाला तरी ताप येतोच असं नाही, खोकला असतोच असं नाही. गोंधळ हेच पहिलं आणि कधी कधी एकमेव लक्षण असतं.

डेलिरियम ओळखायची खूण म्हणजे लक्ष न टिकणं आणि दिवसभरात चढ-उतार होणं. सकाळी नीट बोलत होत्या, दुपारी तुम्हाला ओळखलं नाही, संध्याकाळी पुन्हा बऱ्या. वाक्य अर्ध्यावर सोडून देतात. समोर बोलत असताना डोळे मिटतात. आरडाओरडा करणारा रुग्ण सगळ्यांच्या लक्षात येतो. मला जास्त काळजी वाटते ती गप्प पडून राहणाऱ्याची. एरवी घरभर फिरणारी बाई दोन दिवस पलंगावरून उठत नाही आणि घरचे म्हणतात, 'आज किती शांत आहेत!' ती शांतता धोक्याची असते. अशी सुस्ती, धाप लागणं, पाणीही न पिणं, लघवी न होणं, किंवा पडल्यानंतर वाढत गेलेला गोंधळ यांतलं काहीही दिसलं तर सकाळ व्हायची वाट बघू नका, त्याच वेळी रुग्णालयात न्या. रक्त पातळ करणारं औषध चालू असेल तर डोक्याच्या साध्या माराकडेही दुर्लक्ष करू नका.

तुमच्या आईंना अजून कुणी हात लावून तपासलेलं दिसत नाही. फोनवर सुचवलेल्या गोळीवर माझा पहिला आक्षेप हाच आहे. प्रत्यक्ष तपासणी मागून घ्या, आणि जाण्याआधी घरी एवढं बघून ठेवा: शेवटचं शौच कधी झालं, पोट टणक लागतं का, लघवीला किती वेळा जातात, पाठीवर, मांड्यांवर किंवा कमरेच्या बाजूला कुठे निळा-काळा डाग आहे का, टाचा लाल झाल्यात का, तोंडात कवळीखाली जखम आहे का, कानात मळ साठलाय का, चष्मा त्यांचाच आहे ना. शेवटचं वाचून हसू नका. मायलेकींचे चष्मे अदलाबदल झालेले मी पाहिले आहेत.

लघवीच्या तपासणीबद्दल एक सूचना. वयस्क बायकांच्या लघवीत जंतू सापडणं अगदी नेहमीचं आहे, त्यांचा काही त्रासही नसतो. नुसत्या रिपोर्टवर अँटिबायोटिक सुरू केलं की 'कारण सापडलं' असं वाटतं आणि खरं कारण मागे राहतं. जळजळ, ताप, पोटात दुखणं, लघवीची सवय बदलणं असं काही सोबत आहे का, ते विचारात घ्यायलाच हवं.

आता दुखण्याविषयी. डिमेन्शियाच्या (म्हणजे स्मृतिभ्रंशाच्या, अल्झायमर हा त्यातलाच एक प्रकार) मधल्या टप्प्यावर माणसाला दुखतं, पण 'माझा उजवा खांदा दुखतोय' हे वाक्य जुळवता येत नाही. मग तो खांद्याला हात लावणाऱ्याचा हात झटकतो. आपण लिहितो, 'आक्रमक झाल्या.' २०११ मध्ये नॉर्वेतल्या नर्सिंग होममधल्या (तिकडे म्हणजे वृद्धांना कायम सांभाळणाऱ्या संस्थांमधल्या) ३५२ रहिवाशांवर झालेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. मध्यम ते तीव्र डिमेन्शिया आणि अस्वस्थ वागणं असलेली ही माणसं होती. त्यांच्यापैकी एका गटाला आठ आठवडे पायरीपायरीने वेदनाशामक उपचार दिले. बहुतेकांना पॅरासिटामॉलच पुरलं, आणि अस्वस्थता लक्षणीय कमी झाली. तेव्हा आईंना उठवताना, कूस बदलताना, ब्लाउजमध्ये हात घालताना चेहरा बघा. कपाळाला आठ्या पडतात का, श्वास रोखला जातो का, त्या कण्हतात का, मुठी आवळतात का? असं दिसलं तर डॉक्टरांना विचारून काही दिवस वेळच्या वेळी पॅरासिटामॉल देऊन बघणं हा शांत करणाऱ्या गोळीपेक्षा कितीतरी कमी धोक्याचा प्रयोग आहे. 'लागलं तर द्या' असं लिहिलेलं औषध या माणसांना मिळतच नाही, कारण ती मागत नाहीत.

औषधांची पिशवी पूर्ण उलटी करून डॉक्टरांपुढे मांडा, दुकानातून स्वतःच आणलेल्या सर्दीच्या गोळ्यांसकट. डोनेपेझिल मेंदूतलं अ‍ॅसिटिलकोलीन, म्हणजे आठवणीला लागणारं एक रसायन, टिकवून धरतं. सर्दी-अ‍ॅलर्जीची क्लोरफेनिरामिनसारखी जुनी औषधं, झोपेसाठी दिलं जाणारं अ‍ॅमिट्रिप्टिलीन, लघवी आवरण्यासाठीचं ऑक्सिब्युटिनिन ही सारी नेमकी त्याच्या उलट काम करतात. यात एक साखळी वारंवार दिसते: डोनेपेझिलमुळे लघवीची घाई वाढते, ती नवा आजार समजून ऑक्सिब्युटिनिन दिलं जातं, त्याने गोंधळ वाढतो, आणि गोंधळासाठी तिसरी गोळी येते. प्रत्येक डॉक्टर आपापल्या जागी बरोबर असतो, पण सगळी पिशवी एकत्र कुणी बघितलेली नसते. डोनेपेझिलने नाडीही मंद होऊ शकते. आई घेरी येऊन पडल्या असतील तर हे सांगायचं राहू देऊ नका.

समजा हे सगळं तपासून झालं आणि काही सापडलं नाही, किंवा जे सापडलं ते बरं झालं तरी वागणं थोडंफार उरलं. मग घरातल्या दिवसाकडे वळायचं. आंघोळीपासून सुरुवात करतो, कारण सर्वांत जास्त भांडणं तिथेच होतात.

आईंच्या बाजूने बघा. एक बाई, जी या क्षणी कोण ते आठवत नाही, तुम्हाला थंड आणि घुमणाऱ्या आवाजाच्या खोलीत नेते, कपडे काढायला लागते, आणि पाण्याची धार एकदम डोक्यावर येते. कुणीही प्रतिकार करेल. म्हणून आधी खोली उबदार करा. टॉवेल, कपडे, साबण सगळं हाताशी ठेवा, म्हणजे त्यांना ओलं सोडून कुणाला धावावं लागणार नाही. 'आंघोळ करायची का?' असं विचारू नका, उत्तर 'नाही' असंच येणार. 'चला, पाय धुऊ या' एवढंच म्हणा. बसायला खुर्ची द्या. खांद्यांवर मोठा टॉवेल राहू दे, त्याच्या आतून अंग धुता येतं. पाणी आधी त्यांच्या हातावर घालून त्यांनाच विचारा, चालेल ना? मग पावलं, मग पोटऱ्या, असं वर या. चेहरा आणि केस अगदी शेवटी, किंवा केस दुसऱ्याच दिवशी. एक ओला रुमाल त्यांच्या हातात द्या. हाताला काम मिळालं की झटापट कमी होते आणि स्वतःचं अंग स्वतः धुतल्याचा मानही राहतो. बोलणारं माणूस एकच असावं. त्यांनी हात झटकला तर थांबा, टॉवेल नीट पांघरा, वीस मिनिटांनी पुन्हा या. अमेरिकेतल्या नर्सिंग होममध्ये या पद्धतीची आणि पलंगावरच उबदार ओल्या टॉवेलांनी अंग पुसण्याची रीतसर चाचणी झाली. २००४ मध्ये तिचे निष्कर्ष आले: रुग्णांची अस्वस्थता आणि हात उगारणं दोन्ही पद्धतींत बरंच कमी झालं आणि स्वच्छतेत काही उणं पडलं नाही.

आणि रोज आंघोळ हवीच का? वैद्यकीयदृष्ट्या नाही. हात, तोंड, काखा, जांघा रोज स्वच्छ झाल्या तर पूर्ण आंघोळ आठवड्यातून दोनदा पुरते. काही घरांत हे ऐकूनच अर्धा ताण उतरतो.

संध्याकाळचं 'मला घरी जायचंय' हे त्याहून अवघड, कारण आपण लगेच वाद घालायला जातो: 'अगं, हेच तुझं घर, वीस वर्षं इथेच राहतेयस.' ते त्यांना पटत नाही आणि पटणारही नाही. त्यांना आठवत असलेलं घर कदाचित लहानपणीचं असतं. कधी तर घर नकोच असतं. थकवा, भूक, लघवीची भावना किंवा नुसती भीती एवढ्या एकाच वाक्यातून बाहेर पडत असते. म्हणून आधी शौचालय, मग काहीतरी खायला-प्यायला, मग सोबत. 'चला, मी पण येते. तिकडे कोण कोण असतं?' असं म्हणत घरात, गच्चीवर किंवा खाली एक फेरी मारा. फेरीत बहुतेक वेळा बोलणं दुसरीकडे वळतं. अंधार पडायच्या आधीच दिवे लावा, म्हणजे सावल्या पडत नाहीत. टीव्हीवरच्या बातम्यांचा आरडाओरडा त्या दोन तासांत बंद ठेवा. तुम्ही प्रयत्न करूनही त्या बाहेर पडल्याच, तर त्यासाठी तयारी हवी: मनगटावर फोन नंबर, तुमच्या मोबाइलमध्ये ताजा फोटो, शेजाऱ्यांना आणि पहारेकऱ्याला कल्पना. त्यांना आत कोंडून कुणीही बाहेर जायचं नाही. आग लागली तर काय होईल याचा विचार करा.

खोटं बोलायचं का, हे मला जवळजवळ प्रत्येक घर विचारतं. माझं मत सांगतो, सगळ्या तज्ज्ञांचं एकमत नाही. आई विचारतील, 'हे अजून आले कसे नाहीत?' आणि ते जाऊन दहा वर्षं झालेली असतील. दर वेळी 'ते वारले' असं सांगणं म्हणजे दर वेळी ती बातमी पहिल्यांदा देणं. तो शोक खरा असतो आणि तासाभरात विसरलाही जातो, पण उदासी मागे राहते. 'येतील, ऑफिसात आहेत' हेही मी पहिल्यांदा सुचवत नाही, कारण मग त्या वाट बघत बसतात. 'तुम्हाला त्यांची आठवण येतेय. ते कसे हो होते?' असं विचारा. बहुतेक वेळा त्यांना बातमी नको असते, त्यांच्याविषयी बोलायचं असतं.

चावीचा आळ. वस्तू कुठे ठेवली ते आठवत नाही, आणि आपण विसरलो हेही आठवत नाही. मग उरतो एकच निष्कर्ष: कुणीतरी घेतली. आणि कुणीतरी म्हणजे दिवसभर डोळ्यांसमोर जे माणूस असतं ते. तुमच्या पत्नीवर आळ येतोय, कारण सगळ्यात जास्त वेळ तीच तिथे असते. तिने निर्दोषपणा सिद्ध करायला जाऊ नये. 'चावी सापडत नाहीये? किती त्रास होतो ना असं झालं की. चला, दोघी शोधू' एवढंच म्हणावं, चावीची दुसरी प्रत बनवून ठेवावी, आणि त्यांच्या ठेवायच्या ठरलेल्या जागा लक्षात ठेवाव्यात: उशीचा अभ्रा, साड्यांच्या घडीत, कचऱ्याची बादली. तुम्ही मात्र एक करा. आईसमोर शांत राहा, पण नंतर बायकोला एकटीला गाठून स्पष्ट सांगा की तुमचा तिच्यावर विश्वास आहे. हे गृहीत धरलं जातं, बोललं जात नाही, आणि त्यातून सुना तुटतात.

आईंना खोलीत मुलं, प्राणी, अनोळखी माणसं दिसतात का? चाल आखडलीय का, वारंवार पडतात का, झोपेत हातवारे करतात, ओरडतात का? असं असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा. लेवी बॉडी प्रकारच्या डिमेन्शियात हे चित्र दिसतं, आणि त्यात हॅलोपेरिडॉलसारखी औषधं जिवावर बेतू शकतात: अंग लाकडासारखं होतं, शुद्ध हरपते.

रात्रीच्या जागरणाचा उपाय बराचसा दिवसात असतो. सकाळी उजेडात बसवणं, दुपारची झोप अर्ध्या तासात आवरणं, संध्याकाळनंतर चहा-कॉफी टाळणं. डोनेपेझिल रात्री देत असाल तर ते सकाळी देता येईल का, ते विचारा. काहींना त्याने फार जिवंत स्वप्नं पडतात. डायझेपामच्या कुळातल्या झोपेच्या गोळ्यांनी या वयात पडणं आणि गोंधळ दोन्ही वाढतात.

आता तुमच्या गोळीचं. फोनवर सुचवलेलं नाव तुम्ही लिहिलेलं नाही, पण अशा वेळी बहुधा रिस्पेरिडोन, क्वेटियापिन, ओलान्झापिन किंवा हॅलोपेरिडॉल असतं, म्हणजे अँटिसायकोटिक, भास-भ्रमांच्या मानसिक आजारांवरचं औषध. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००५ मध्ये १७ चाचण्यांचा आढावा घेऊन इशारा दिला: डिमेन्शिया असलेल्या वृद्धांत या औषधांनी मृत्यूचं प्रमाण प्लासिबोच्या (औषध नसलेल्या, नुसत्या दिसायला तशाच गोळीच्या) तुलनेत १.६ ते १.७ पट होतं. साधारण दहा आठवड्यांच्या चाचण्यांत औषध घेणाऱ्यांपैकी सुमारे ४.५ टक्के दगावले, न घेणाऱ्यांपैकी २.६ टक्के. तो इशारा आधी नव्या पिढीच्या औषधांवर आला, २००८ मध्ये जुन्या औषधांवरही. पक्षाघात, पडणं, गिळायला त्रास, न्यूमोनिया हे धोके त्यात आहेत.

म्हणून मी ती कधीच देत नाही असं मात्र नाही. रुग्ण स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करत असेल, किंवा भासांनी भेदरून खात-पीत नसेल, आणि वर सांगितलेलं सगळं बघून झालं असेल, तर मी सर्वांत लहान डोसने सुरुवात करतो. पण आंघोळीला नकार, आळ घेणं, घरी जाण्याचा हट्ट, येरझाऱ्या यांवर ही औषधं फारशी चालतच नाहीत. रुग्ण झोपाळू होतो आणि घराला आराम मिळाल्यासारखा वाटतो, एवढंच. डॉक्टर गोळी देणारच असतील तर दोन गोष्टी चिठ्ठीवर लिहून मागा: नेमक्या कोणत्या त्रासासाठी, आणि कोणत्या तारखेला फेरविचार. जास्तीत जास्त सहा आठवड्यांनी हा फेरविचार व्हावा आणि औषध कमी करत बंद करून बघावं. मी वर्षानुवर्षं चालत आलेल्या गोळ्या पाहतो, ज्या कशासाठी सुरू झाल्या हे घरात कुणालाच सांगता येत नाही.

तुम्ही 'आम्ही सांभाळतोय' असं लिहिलंय. प्रश्न पुन्हा वाचला तर आंघोळ, चावी, जागरण या प्रत्येक ठिकाणी तुमची बायकोच असणार असं दिसतं. तुम्हाला टोचायचं नाही, हे जगभर असंच आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने २०२१ मध्ये ५ कोटी ७० लाख लोक डिमेन्शियासह जगत होते. घरची माणसं त्यांच्या देखभालीला रोज सरासरी पाच तास देतात, आणि देखभालीच्या एकूण तासांपैकी ७० टक्के बायकांचे असतात. हे तास कुठल्याही केसपेपरवर येत नाहीत.

आणि इथेच आरोग्यसेवेचं आणि सामाजिक सेवेचं फाटतं. दवाखाना निदान करतो, गोळ्या लिहितो, सहा महिन्यांनी या म्हणतो. मदतनीस, दिवसभराचं देखभाल केंद्र, घरच्यांना सुट्टी मिळावी म्हणून रुग्णाची चार दिवसांची सोय, कागदपत्रं, पैसे या गोष्टी दुसऱ्याच खिडकीवर असतात आणि ती खिडकी कुठे आहे हे सांगणारं कुणी नसतं. दोन्ही जोडायचं काम त्या एका थकलेल्या बाईवर पडतं. खरं तर तिला आधार देणं हा रुग्णाचाच उपचार आहे, आणि हे मी भावनेच्या भरात म्हणत नाही. न्यूयॉर्क विद्यापीठात अल्झायमरच्या रुग्णांचे पती किंवा पत्नी देखभाल करत असलेल्या घरांवर दीर्घ अभ्यास झाला. काही वैयक्तिक आणि काही सगळ्या कुटुंबासोबतच्या समुपदेशनाच्या बैठका, आधारगट, आणि अडचण आली की फोनवर सल्ला, एवढाच तो उपचार. २००६ मध्ये आलेल्या निष्कर्षांत, ज्यांना हा आधार मिळाला त्यांच्या रुग्णांना नर्सिंग होममध्ये हलवण्याची वेळ साधारण ५५७ दिवस पुढे गेली. दीड वर्ष! बाजारातल्या डिमेन्शियाच्या कुठल्याही गोळीकडे असा आकडा असलेला मला माहीत नाही.

तेव्हा या आठवड्यातच भावंडांची बैठक घ्या. 'लागलं तर सांग' म्हणणाऱ्यांना काम आणि वार ठरवून द्या. एकाकडे औषधं आणि डॉक्टरांच्या भेटी, एकाकडे पैसे आणि कागद, एकाकडे रविवार पूर्ण. दूर राहणाऱ्याला रात्रीच्या मदतनिसाचा खर्च देता येतो. पत्नीला आठवड्यातून एक ठरलेला अर्धा दिवस घराबाहेर मिळाला पाहिजे, आणि तो तुमच्या मीटिंगमुळे रद्द होता कामा नये. पुढच्या भेटीत डॉक्टरांना तिच्याकडे बघायला सांगा: झोप किती होते, वजन उतरलंय का, रडू येतं का, आईंवर हात उगारावासा वाटला होता का. शेवटचा प्रश्न मी नेहमी विचारतो आणि 'हो' आलं तर दचकत नाही. तो थकव्याचा निकाल असतो, आणि तो वेळीच कळला तर मदत लावता येते.

पगारी मदतनीस ठेवत असाल तर पहिले चार-पाच दिवस घरच्या माणसाने सोबत राहून आंघोळ, जेवण, संध्याकाळ शिकवावी. सतत माणसं बदलू नका.

डॉक्टरांना दहा-पंधरा मिनिटांत जे दिसतं त्यावर ते ठरवतात, आणि आपल्या आया दवाखान्यात एकदम शहाण्यासारख्या वागतात, हे तुम्ही अनुभवलं असेलच. म्हणून एक वही करा. रोज मोठा निबंध नको. गडबड झाली की चार गोष्टी: किती वाजता, त्याआधी नेमकं काय चाललं होतं, आईंनी काय केलं, आणि कशाने थांबलं. सोबत शौच, झोप, खाणं, पडणं. आठवडाभरात त्यातून रेघा दिसायला लागतात. एका घरात भांडणं फक्त सोमवारी आणि गुरुवारी होत होती. त्या दिवशी फिजिओथेरपीवाले येऊन गुडघा वाकवत होते. हे कुठल्या एमआरआयमध्ये दिसणार?

कागदपत्रांचं काम आईंना कळतंय तोवर करा. निर्णयक्षमता सगळी असते किंवा सगळी जाते असं नाही. कुणावर विश्वास ठेवायचा हे माणूस नीट सांगू शकतो, पण घर विकण्याचा व्यवहार त्याला झेपत नाही. त्यांच्या वतीने कोण निर्णय घेणार हे त्यांच्या चांगल्या वेळेत, वकिलासमोर, तुमच्याकडच्या कायद्याप्रमाणे ठरवून घ्या.

आणि संस्था. जबाबदारी झटकणं म्हणजे माणूस कुठेतरी सोडून येणं. रात्री दोनदा-तीनदा उठवून बदलावं लागतंय, उचलायला दोन माणसं लागतायत, सांभाळणारीच आजारी पडली, किंवा घरात सतत भीती आहे, अशा वेळी चोवीस तासांच्या पाळ्या असलेली जागा आईंसाठीही बरी असते. मी घरच्यांना सांगतो, ठरवायच्या आधी जेवणाच्या वेळी न सांगता जा. भरवणारं माणूस बसून भरवतंय की उभ्याने? नावाने हाक मारतात का? रहिवाशांना खुर्चीला बांधलंय का? किती जणांना शांत करणारी औषधं चालू आहेत, असं थेट विचारा, आणि उत्तर देताना कुणी अडखळलं तर ते लक्षात घ्या. रात्री किती माणसं असतात, आणि रात्री ताप आला तर कुणाला बोलावतात? भिंतीवरचे रंग आणि उद्यान यांवर भाळू नका. आई तिथे गेल्या की तुमचं काम संपत नाही, बदलतं: त्या वहीतल्या गोष्टी तिथल्या माणसांना शिकवणं, आणि अधूनमधून अवेळी जाणं.

रुग्णालयात भरती करावी लागलीच, तर ओळखीचं माणूस सतत जवळ राहील असं बघा. इंग्लंडमध्ये २०१४ साली सुरू झालेल्या 'जॉन्स कॅम्पेन'ची मागणी हीच होती, की डिमेन्शियाच्या रुग्णाजवळ त्याच्या माणसाला वेळेच्या बंधनाशिवाय थांबू द्यावं. तिथल्या कित्येक रुग्णालयांनी ते मान्य केलं. नियम आड आला तर वॉर्डच्या सिस्टरशी बोला. रात्रीचा गोंधळ टळतो हे त्यांनाही ठाऊक असतं.

शेवटच्या टप्प्याबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण ते आताच बोलून ठेवणं बरं. डिमेन्शिया हा जीव घेणारा आजार आहे आणि अखेरीस गिळणं मंदावतं. २००९ मध्ये अमेरिकेतल्या नर्सिंग होममधल्या, प्रगत डिमेन्शिया असलेल्या ३२३ रहिवाशांचा अभ्यास आला. दीड वर्षाच्या पाहणीत ८६ टक्क्यांना खाण्याच्या अडचणी आल्या. तेव्हा 'नळी घालू या' असं सुचवलं जातं. त्या टप्प्यावर पोटातल्या नळीने आयुष्य वाढतं किंवा न्यूमोनिया टळतो याला पुरावा नाही. उलट नळी ओढू नये म्हणून हात बांधावे लागतात, पडून राहिल्याच्या जखमा वाढतात. अमेरिकन जेरिअ‍ॅट्रिक्स सोसायटीचीही शिफारस हाताने, सावकाश, जमेल तेवढं भरवण्याची आहे. यालाच मी मायेचं आणि शास्त्रालाही धरून असलेलं जेवण म्हणतो: सरळ बसवून, लहान चमच्याने, एक घास गिळल्याशिवाय दुसरा नाही, आणि त्यांनी तोंड फिरवलं की थांबायचं. सोबत वेदना, श्वास, त्वचा यांची काळजी घेणारी पॅलिएटिव्ह टीम असेल तर उत्तम. ती शेवटच्या आठवड्यात बोलवायची नसते, खूप आधी.

आईंच्या चांगल्या वेळेत त्यांनाच विचारा: फार आजारी पडलात तर मशीनवर ठेवायचं, की घरी तुमच्या माणसांत राहू द्यायचं? उत्तर त्यांच्या शब्दांत, तारीख घालून लिहा. त्याची एक प्रत दवाखान्याच्या फाइलमध्ये आणि एक प्रत्येक भावंडाकडे द्या, विशेषतः परगावी राहणाऱ्याकडे. ऐन रात्री विमानाने येऊन 'सगळं करा, काही बाकी ठेवू नका' असं म्हणणारं माणूस बहुधा तेच असतं, आणि तेव्हा ड्यूटीवरच्या तरुण डॉक्टरला पुढे ठेवायला तो कागद हाताशी लागतो.